पोर्टेबल सोनोग्राफी मशीन घेताय? आधी कागद बघा, मग प्रोब, शेवटी डबा

मी डॉक्टर नाही. सोनोग्राफीची मशीन उघडून दुरुस्त करायचा माझा धंदा आहे. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत छोटा गाळा आहे आणि इचलकरंजीपासून गारगोटीपर्यंतचे डॉक्टर मशीन अडलं की फोन करतात. हल्ली मशीन घ्यायच्या आधीही फोन येतो, "कमी बजेटमध्ये पोर्टेबल कुठलं घेऊ?" म्हणून. प्रश्न एका ओळीचा, उत्तर काही तेवढ्यात बसत नाही. शिवाय एका कंपनीचं नाव घेतलं की दुसऱ्या कंपनीचा माणूस महिनाभर तोंड फिरवून बसतो. म्हणून कुठलं घ्या ते सांगत नाही, पारखून कसं घ्यायचं ते सांगतो.

गाडीत घालून फिरवायचा बेत असेल तर सोडा

बऱ्याच नव्या डॉक्टरांचा हिशेब असा असतो: रोजचा दवाखाना राजारामपुरीत, बुधवारी दुपारी राधानगरीत व्हिजिट, आणि मशीन गाडीच्या मागच्या सीटवर. हे कायद्यात बसत नाही. पीसीपीएनडीटीच्या, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याच्या, नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून पोर्टेबल मशीन दोनच प्रकारे वापरता येतं. एक तर ज्या जागेची नोंदणी आहे तिथंच, त्याच आवारात, दाखल असलेल्या पेशंटसाठी. नाहीतर फिरत्या वैद्यकीय पथकाच्या नोंदलेल्या गाडीत, तेही त्या गाडीत बाकीच्या आरोग्यसेवा मिळत असतील तर. नुसती सोनोग्राफी करत फिरणारी गाडी चालत नाही. तुमची फक्त ओपीडी असेल, एकही खाट नसेल, तर लॅपटॉपसारखं मशीन कुठल्या अटीवर नोंदून मिळेल हे पैसे देण्याआधी समुचित प्राधिकाऱ्याकडून (या कायद्याखाली नोंदणी देणाऱ्या अधिकाऱ्याकडून) लेखी घ्या. डीलरच्या "होतंय की सर" वर जाऊ नका. मशीन सील झालं तर तो साक्षीला येत नाही.

"मी तर गुडघे आणि खांदेच बघणार, मला कशाला पीसीपीएनडीटी?" हा प्रश्न अस्थिरोगवाले आणि भूलतज्ज्ञ हमखास विचारतात. तुम्ही काय बघणार याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. मशीन गर्भ दाखवू शकतं का, एवढाच त्याचा सवाल. दाखवू शकत असेल तर नोंदणी लागते. मोबाईलला जोडायचा हातात मावणारा प्रोब (अंगावर टेकवायचा भाग) असला तरी तेच. भावानं अमेरिकेतून बॅगेत आणलेला असला तरी तेच, उलट तिथं बिल आणि आयातीचे कागद नसल्यानं जास्तच अडचण. नोंदणी नसलेलं मशीन सापडलं की ते सील होतं, जप्त होतं, आणि मागं केस लागते. पहिल्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजारांपर्यंत दंड आहे.

मशीन चालवणार कोण, हेही त्याच कायद्यात आहे. पदव्युत्तर पदवी किंवा पदविका, नाहीतर नियमांत सांगितलेलं ६ महिन्यांचं प्रशिक्षण, असं काहीतरी हातात लागतं. ते नसताना मशीन आधी आणि कोर्स नंतर असा उलटा क्रम धरू नका.

कोल्हापुरात हे सगळं जरा जास्तच काटेकोर बघितलं जातं, आणि त्याला कारण आहे. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात १००० मुलांमागं ८३९ मुली होत्या. शाहू महाराजांच्या जिल्ह्याला खाली बघायला लावणारा आकडा. २०११ ला तो ८६३ झाला. मधल्या काळात तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी मशीनना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' (तपासणीची चित्रं नोंदवून ठेवणारे डबे) जोडायला लावले आणि एफ फॉर्म (गरोदर पेशंटच्या तपासणीची नोंद) ऑनलाइन भरायला लावला. रेडिओलॉजिस्टांची संघटना त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. २०११ साली न्यायालयानं जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश उचलून धरला. त्या काळात डबे बसवताना झालेल्या कुरबुरी जुन्या डॉक्टरांना आजही आठवतात. माझ्या कामापुरता त्यातून निघणारा मुद्दा एवढाच, की मशीनला बाहेर चित्र देणारा पोर्ट आहे का ते बघा. साधा व्हीजीए किंवा एचडीएमआय चालतो. पुढंमागं काही जोडायचं फर्मान आलं तर अडणार नाही, आणि एरवीही वॉर्डात मोठ्या स्क्रीनवर दाखवायला तो उपयोगी पडतो.

कागदांचा क्रम असा. महापालिका हद्दीत असाल तर पालिकेचे आरोग्य अधिकारी, बाहेर असाल तर जिल्हा शल्यचिकित्सक, यांच्याकडं ए फॉर्ममध्ये अर्ज. एकट्या सोनोग्राफी केंद्राला २५ हजार रुपये शुल्क. बी फॉर्मचं, म्हणजे नोंदणीचं, प्रमाणपत्र ५ वर्षं चालतं. आधीच नोंदणी असेल आणि नुसतं दुसरं मशीन वाढवायचं असेल, तरी बदलाची सूचना ३० दिवस आधी द्यावी लागते. नोंदणी नसलेल्या जागेला विक्रेता मशीन विकू शकत नाही, भाड्यानं देऊ शकत नाही, फुकट वापरायलाही देऊ शकत नाही. त्यानं तुमच्याकडून प्रतिज्ञापत्र घ्यायचं असतं आणि विकलेल्या मशीनची यादी दर तीन महिन्यांनी सरकारला द्यायची असते.

त्यामुळं कुणी सेल्समन "सर, आठवडाभर तुमच्या दवाखान्यात ठेवून बघा, आवडलं तर घ्या" म्हणाला आणि तुमची नोंदणी नसली, तर त्याला चहा पाजा आणि मशीनसकट परत पाठवा. डेमो बघायचा तो नोंदणी असलेल्या ओळखीच्या हॉस्पिटलात, त्यांच्या परवानगीनं, कागदावर नोंद करून.

मग फिरवता येत नसेल तर पोर्टेबल घ्यायचंच कशाला? कारणं आहेत. आपल्याकडच्या नर्सिंग होमच्या खोल्या दहा बाय दहाच्या, त्यात कॉट, कपाट, नातेवाईक. मोठं ट्रॉली मशीन आत गेलं की डॉक्टर बाहेर. आयसीयूत कॉटजवळ न्यायला सोपं, वीज गेली तरी बॅटरीवर तपासणी पुरी होते, आणि किंमत कमी. ढोबळ सांगायचं तर एका कॉन्व्हेक्स (पोटाच्या) प्रोबसह ब्लॅक अँड व्हाइट लॅपटॉप मशीन दोन-अडीच लाखांपासून सुरू होतं. दोन प्रोब आणि कलर डॉपलर (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारा) म्हटलं की पाच लाखांच्या पुढं. वर अंत नाही.

पैसा प्रोबमध्ये असतो

कोटेशन आलं की डॉक्टर स्क्रीन किती इंची आणि मशीन दिसायला कसं ते बघतात. मी प्रोबचे मॉडेल नंबर बघतो. मशीनचा डबा म्हणजे शेवटी एक कॉम्प्युटर. चित्र जन्माला येतं ते प्रोबच्या तोंडाशी. तिथं जे आलं नाही ते पुढचं कुठलंही सॉफ्टवेअर आणून देत नाही, फक्त रंगरंगोटी करतं.

कुठला प्रोब घ्यायचा हे तुमच्या पेशंटवर. पोट, किडनी, गर्भ यासाठी कॉन्व्हेक्स, साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झ. थायरॉइड, शिरा, स्नायू, नर्व्ह ब्लॉक यासाठी लिनिअर, ७ ते १२ किंवा त्याच्या वर. हृदयाला फेज्ड अ‍ॅरे, त्याचं तोंड छोटं असतं म्हणून बरगड्यांच्या फटीतून बघता येतं. स्त्रीरोगवाल्यांना टीव्हीएस, म्हणजे योनीमार्गातून तपासायचा प्रोब. फ्रिक्वेन्सी वाढली की बारकावा वाढतो आणि खोली घटते, हा सौदा कुठल्याच कंपनीला चुकलेला नाही. शरीरात आवाजाचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरतात. म्हणजे ३.५ मेगाहर्ट्झला लहरीची लांबी जवळपास ०.४४ मिलिमीटर आणि १० मेगाहर्ट्झला ०.१५. मनगटातली नस कॉन्व्हेक्सनं का नीट दिसत नाही, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

फिजिशियन असाल आणि हृदयही बघणार असाल, तर एक गोष्ट ठळक लिहून ठेवा: सीडब्ल्यू (कंटिन्युअस वेव्ह) डॉपलर, रक्ताचा मोठा वेग मोजणारा. स्वस्त लॅपटॉप मशीनमध्ये फेज्ड अ‍ॅरे प्रोब मिळतो, कलर मिळतो, पीडब्ल्यू (पल्स्ड वेव्ह) मिळतो, पण सीडब्ल्यू नसतो, किंवा असला तर त्याचं लायसन्स वेगळं. पीडब्ल्यूला वेगाची मर्यादा असते, त्यापुढं आलेख गुंडाळून उलट्या बाजूनं दिसायला लागतो. एओर्टिक व्हॉल्व्ह (हृदयाची झडप) आवळलेला पेशंट आला की नेमका तोच वेग मोजायचा असतो. गडहिंग्लज भागातल्या एका डॉक्टरांनी मला बोलावलं ते "डॉपलर बिघडलाय" म्हणून. बिघडलं काहीच नव्हतं, सीडब्ल्यू मशीनमध्ये नव्हताच. ब्रोशरवर 'कार्डियाक' लिहिलं होतं, तेवढ्यावर खरेदी झाली होती.

ब्रोशरवरून आठवलं. 'डिजिटल चॅनेल' म्हणून तिथं हजारांत, कधी लाखांत आकडा असतो. तो वाचून हरखू नका. विचारायचं एवढंच: प्रत्यक्ष हार्डवेअर चॅनेल किती, ३२, ६४ की १२८? आणि प्रोबमध्ये एलिमेंट (लहर सोडणारे आणि परत ऐकणारे बारीक तुकडे) किती, ८० की १२८? सेल्समनला माहीत नसेल तर त्याला कंपनीला मेल करायला लावा. मेल येतो. उत्तर टाळलं गेलं तर तेही उत्तरच.

पोर्ट किती ते बघा. एकच पोर्ट असलेल्या मशीनवर दिवसभर कॉन्व्हेक्स काढ, लिनिअर लाव चाललं की कनेक्टरच्या पिना सैल होतात आणि माझा धंदा वाढतो. दोन प्रोब रोज लागणार असतील तर दोन पोर्ट घ्या, किंवा ट्रॉलीला मिळणारा एक्स्टेंडर आत्ताच कोटेशनमध्ये घाला. नंतर सुटा घेतला की त्याची किंमत ऐकून घाम फुटतो.

हातात मावणाऱ्या प्रोबबद्दल थोडक्यात. जीईचा व्हीस्कॅन, फिलिप्सचा ल्युमिफाय, बटरफ्लाय, ही नावं तुम्ही ऐकलेली असणार. आयसीयूत फुप्फुसात पाणी आहे का, पेरिकार्डियममध्ये (हृदयाभोवतीच्या आवरणात) आहे का, आयव्हीसी (हृदयाकडं येणारी मोठी शीर) किती फुगलीय, असल्या झटपट प्रश्नांना ते छान आहेत. रोजच्या पूर्ण तपासणीला आणि रिपोर्ट लिहायला एकटं तेवढंच घेऊ नका. सलग वापरलं की तापतात आणि आपणहून थांबतात. काहींना वर्षाची वर्गणी असते, ती कोटेशनच्या तळाला बारीक अक्षरात सापडते. मोबाईल बदलला तर अ‍ॅप चालेल का, हेही विचारायचं.

डेमोच्या वेळी काय करायचं

कंपनीवाला डेमोला नेहमी सडपातळ पोरगा झोपवतो. त्याच्या पोटाचं चित्र कुठल्याही मशीनवर सुंदर येतं. तुम्ही आपला माणूस न्या, नव्वद-शंभर किलोचा. कोल्हापुरात तालमी भरपूर आहेत, निवृत्त पैलवान शोधायला लांब जावं लागत नाही. त्याचं लिव्हर १६ सेंटिमीटर खोलीला बघा. तळाशी डायफ्रामची पांढरी रेघ स्वच्छ दिसली तर प्रोबमध्ये दम आहे. नुसती राखाडी वाफ दिसली तर गेन (चित्राचा उजेड) वाढवून फसवू देऊ नका. गेन वाढवला की गोंगाटही वाढतो.

त्याच पैलवानाच्या किडनीवर कलर लावा. किडनीच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या कडेपर्यंत भरल्या पाहिजेत. मोठ्या वाहिन्यांत रंग कुठलंही मशीन भरतं, त्यावरून काही ठरत नाही. लिनिअर असेल तर स्वतःच्या मनगटावर ठेवा आणि मीडियन नर्व्हमधला मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार आकार दिसतो का बघा. पित्ताशय बघताना आतलं पाणी काळंभोर पाहिजे. धुरकट दिसलं तर हार्मोनिक (गोंगाट कमी करणारी सेटिंग) चालू करा, आणि तरीही धुरकटच असेल तर मशीन ठेवून द्या. मुतखड्याचे पेशंट ज्यांच्याकडं जास्त येतात त्यांनी खड्यावर कलर टाकून बघावं, खड्यामागं रंगांची चकमक उठते. बारीक खडा ओळखायला ती कामाला येते, आणि प्रत्येक मशीनवर ती सारखी उठत नाही.

हे सगळं कंपनीच्या माणसानं बटणं फिरवून दाखवायचं नाही, तुम्ही स्वतः फिरवायची. खिडकी उघडी ठेवून एकदा स्क्रीन बघा, कारण तुमच्या वॉर्डात काळा पडदा नसतो. मशीन पूर्ण बंद करून चालू करा आणि चित्र यायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. बॅटरी 'दोन तास' म्हणतात, ते स्क्रीन मंद ठेवून. चार्जर काढून पूर्ण तपासणी करा आणि टक्का किती उतरला ते टिपून घ्या.

आता प्रोबची खरी परीक्षा. ही कुठल्याही डॉक्टरला पाच मिनिटांत जमते, पण करत कुणी नाही. जेल पुसून काढा आणि प्रोब हवेत धरा. डेप्थ कमी करा, गेन वाढवा. कंपाउंड इमेजिंग (अनेक कोनांतली चित्रं एक करणारी सेटिंग) आणि हार्मोनिक दोन्ही बंद करा, हे विसरू नका, कारण ही दोन मेलेले एलिमेंट झाकून टाकतात. स्क्रीनच्या वरच्या भागात एकाखाली एक पांढरे पट्टे दिसतील, कॉन्व्हेक्सला कमानीसारखे, लिनिअरला सरळ. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग पाहिजेत. मध्येच उभी काळी फट दिसली तर तिथले एलिमेंट गेले किंवा केबलमधली तार तुटली. दोन्हींतलं कुठलं, ते असं कळतं: प्रोब तसाच धरून दुसऱ्या हातानं केबल मुळाशी, जिथं ती प्रोबमध्ये शिरते तिथं, हलकेच वाकवा. फट उघडझाप करायला लागली तर केबल. तशीच मख्ख राहिली तर बहुधा एलिमेंट.

खात्री करायची तर एक पेपरक्लिप सरळ करा, लेन्सवर जेलचा थेंब टाका, आणि क्लिप आडवी टेकवून तिच्या अंगानं हळू सरकवत न्या. टोक लावू नका, लेन्स ओरखडते. क्लिप जिथं टेकते तिथं स्क्रीनवर तिच्याखाली झगझगीत उभी रेघ पेटते आणि क्लिपबरोबर चालत जाते. जिथं ती विझते, तिथं खाली कुणी जिवंत नाही. फेज्ड अ‍ॅरेला मात्र ही युक्ती नीट लागू पडत नाही. त्यात प्रत्येक रेघेला सगळे एलिमेंट मिळून काम करतात, म्हणून दोन-चार मेले तरी फट दिसत नाही, सगळं चित्रच थोडं फिकं पडतं. तिथं त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रोबशी तुलना करणं हाच मार्ग.

सेकंड हँड

बैल घेताना दात बघतात, तसं जुन्या मशीनची आधी लेन्स बघायची. कडेनं सोललीय का, बुडबुडा आलाय का, नखानं दाबल्यावर मऊ लागते का. खोबरेल तेलावर काम करणारे महाभाग अजून आहेत. तेलानं रबर फुगतं आणि महिन्या-दोन महिन्यांत लेन्स सुटायला लागते. स्पिरिटनं रोज रगडलेली लेन्स कडक होऊन तडकते. प्रोबला काय चालतं ते कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, तेच वापरायचं.

जुनं मशीन घ्यायला माझा विरोध नाही. चांगल्या कंपनीचं सात-आठ वर्षांचं मशीन, प्रोब धडधाकट असेल, तर नव्या सुमार मशीनपेक्षा सरस चित्र देतं. पण त्याचा इतिहास स्वच्छ पाहिजे. विकणाऱ्याच्या बी फॉर्मवर याच मशीनचा सीरियल नंबर आहे का, प्रत्यक्ष मशीनच्या पाठीमागची पट्टी आणि सॉफ्टवेअरच्या आतला नंबर त्याच्याशी जुळतात का, आणि विक्रीची सूचना त्यानं प्राधिकाऱ्याला दिलीय का, याची झेरॉक्स आधी हातात घ्या. पाठीमागची पट्टी खरवडलेली असेल तर तिथंच थांबा. किंमत कितीही गोड असली तरी. दुसरं, कंपनीला मेल करून विचारा की या मॉडेलचे सुटे भाग अजून मिळतात का. 'सपोर्ट बंद' असं उत्तर आलं तर पॉवर सप्लाय गेल्यावर ते मशीन टेबल म्हणून वापरावं लागेल.

वीज, पूर आणि उंदीर

निम्म्या तक्रारी मशीनच्या नसतातच. चित्रात बारीक तिरक्या रेघा नाचतात, कलर लावला की सगळीकडं रंग सांडतो, डॉक्टर म्हणतात प्रोब गेला. मी जाऊन पहिलं काम करतो ते चार्जर काढायचं. बॅटरीवर रेघा गेल्या तर दोष भिंतीत आहे: अर्थिंग नाही, किंवा त्याच लाइनवर ऑटोक्लेव्ह नाहीतर खालची पिठाची गिरणी आहे. इलेक्ट्रिशियनला न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजायला सांगा, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर नवीन अर्थिंग करून घ्या. मशीनच्या किमतीपुढं तो खर्च काहीच नाही. यूपीएस प्युअर साइन वेव्हचा घ्या, घरातला इन्व्हर्टर नको. मशीन आणि थर्मल प्रिंटर दोन्हींचा भार धरून त्याची क्षमता ठरवा.

शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्कच्या सखल भागात तळमजल्यावर दवाखाना असेल तर पोर्टेबलचा सगळ्यात मोठा फायदा २०१९ आणि २०२१ ला लोकांनी बघितलाय. ट्रॉली मशीन पाण्यात उभी राहिली. लॅपटॉप मशीन दोघांनी उचलून वरच्या मजल्यावर नेली. राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांची इशारा पातळी गाठतंय अशी बातमी आली की, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट न बघता, मशीन, प्रोब आणि एफ फॉर्मच्या फायली, तिन्ही वर न्या. नोंदी २ वर्षं जपायच्या असतात, आणि भिजल्या हे कारण तपासणीच्या वेळी सांगायला अवघड जातं. मशीन त्याच इमारतीत वर नेणं वेगळं आणि दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवणं वेगळं. आवाराबाहेर न्यायची वेळ आलीच तर आधी प्राधिकाऱ्याला कळवा, निदान मेल तरी टाका.

पुराचा आणखी एक धडा म्हणजे सर्व्हिसचा माणूस कुठून येतो ते बघणं. महामार्ग बंद पडला की पुण्याचा इंजिनियर पुण्यातच. कंपनीला विचारा, कोल्हापूर, सांगली-मिरज किंवा बेळगावात तुमचा माणूस आहे का, त्याच्याकडं बदली प्रोब असतो का, आणि तक्रार केल्यापासून किती तासांत येणार. हे मी स्वतःच्या धंद्यासाठी सांगतोय असं वाटेल, पण वॉरंटीतल्या मशीनला मी हात लावू शकत नाही. लावला तर वॉरंटी जाते.

उंदरांचं थोडक्यात: केबल त्यांना फार आवडते. रात्री प्रोब काढून बंद कपाटात. ऊस कारखान्याच्या जवळ असाल तर हंगामात पंख्याच्या जाळीत काजळी बसते, ती महिन्याला ब्रशनं काढा, नाहीतर मशीन तापून बंद पडतं.

कोटेशनमध्ये काय लिहून घ्यायचं

किंमत जीएसटीसकट मागा. वैद्यकीय सेवा करमुक्त असल्यानं तुम्हाला इनपुट क्रेडिट मिळत नाही, भरलेला कर तो गेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैद्यकीय उपकरणांवरचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दरानं काढलेलं कोटेशन अजून फिरवत असतील तर बदलून घ्या.

वॉरंटीत प्रोब आहे का? "मशीनला तीन वर्षं" म्हणजे प्रोबला तीन वर्षं असा अर्थ बऱ्याचदा नसतो, आणि प्रोब पडून फुटला तर ते बहुतेक कुणीच धरत नाही. बॅटरीची वॉरंटी वेगळी, बहुतेक कमी. एएमसी आणि सीएमसी हे देखभालीचे करार: एएमसीत फक्त येणं-जाणं आणि मजुरी, सीएमसीत सुटे भागही. सीएमसीचा पुढच्या पाच वर्षांचा दर आजच्या कोटेशनवर लिहून घ्या. आज तुम्ही गिऱ्हाईक आहात, वॉरंटी संपल्यावर फक्त सीरियल नंबर असता. नव्या कॉन्व्हेक्सची सुटी किंमतही त्याच कागदावर. डायकॉम (चित्रं दुसऱ्या कॉम्प्युटरला पाठवायची पद्धत), सीडब्ल्यू, प्रसूतीची मापं, ही सॉफ्टवेअर किमतीत आहेत की प्रत्येकाचं वेगळं लायसन्स आहे, ते नावासह. चित्रं पेन ड्राइव्हवर साध्या जेपीईजीत निघतात का, तेही बघा. सीडीएससीओच्या (केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेच्या) परवान्याची किंवा नोंदणीची प्रत मागा, २०२० पासून सोनोग्राफी मशीन औषध कायद्याखालच्या उपकरणांत येतं.

सगळे पैसे आगाऊ देऊ नका. थोडी रक्कम मशीन बसवून, हवेतली परीक्षा तुमच्यासमोर करून, आणि प्रत्येक प्रोबचा सीरियल नंबर बिलाशी ताडून झाल्यावर द्यायची, असं ऑर्डरमध्येच लिहा. बिलावर मशीनचा नंबर असतो आणि प्रोबचे नसतात, असं फार वेळा होतं. ते हातानं नाही, कंपनीच्या लेटरहेडवर घालून घ्या. त्याच दिवशी बी फॉर्मवरचा नंबर तपासा, लिंगनिदान केलं जात नाही हा फलक मराठीत आणि इंग्रजीत भिंतीवर लावा, कायद्याची एक प्रत टेबलावर ठेवा, आणि एफ फॉर्मचं लॉगिन चालतंय का ते पहिली गरोदर पेशंट यायच्या आधी बघून घ्या. मासिक अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत जावा लागतो.